कापसाचं घरटं आणि गोट्याची दोन बोटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला हॅमस्टरवरचा, म्हणजे उंदरासारख्या त्या छोट्या पाळीव प्राण्यावरचा, लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की माझाच चष्मा चुकतोय. ‘मुलांना जबाबदारी शिकवणारा, कमी कष्टाचा सवंगडी’ हे शीर्षक तुमच्या कचेरीत कुणी दिलं असेल, तर त्यांना आमच्याकडे आठ रात्री मुक्कामाला पाठवा. दिवसा नको. दिवसा हा प्राणी झोपलेला असतो, आणि लेखकांनी त्याला बहुधा दिवसाच पाहिलेलं दिसतंय.

आमच्या घरात जबाबदारी कोण शिकलं ते सांगते. गोट्या हा आमचा हॅमस्टर, हट्ट नातवाचा. पहिले तीन आठवडे नातवाने मन लावून सगळं केलं. मग परीक्षा आल्या, परीक्षा संपल्या तशी सुट्टी आली, आणि वयाच्या ६८व्या वर्षी पिंजरा माझ्या गळ्यात पडला. त्याबद्दल तक्रार नाही. माझी झोप तशीही कमी, गोट्याची उठायची वेळ रात्री दहाची. आमचं बरं जमलं. पण मूल शाळेतून येतं तेव्हा प्राणी झोपेत आणि प्राणी उठतो तेव्हा मूल झोपेत, मग या दोघांची गट्टी जमवायची कधी? दिवसा झोपेतून उचललं की तो चावतो. तुम्हाला मध्यरात्री कुणी काखेत हात घालून उचललं, तर तुम्ही तरी काय कराल?

असो. मी लिहायला बसले ती एकाच वाक्यासाठी: ‘घरट्यासाठी मऊ कापूस द्यावा, म्हणजे त्याला ऊब मिळते.’

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. गोट्याला जिथून आणलं, तिथेच त्याच्याबरोबर एक पाकीट मिळालं होतं. आत पिंजलेले पांढरेशुभ्र धागे, वर हसऱ्या हॅमस्टरचं चित्र. आम्ही ते पिंजऱ्यात घातलं. त्याने दोन्ही गालांत कोंबून कोंबून ते सगळं घरट्यात नेलं आणि आम्ही कौतुकाने बघत बसलो. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

पाचव्या की सहाव्या रात्री मला जाग आली, ती पिंजऱ्यातल्या त्याच्या पळायच्या चाकाचा आवाज येत नव्हता म्हणून. दिवा लावला. गोट्या कोपऱ्यात बसून मागचा डावा पाय चाटत होता, मधूनच चावत होता. हातात घेतला तर पाऊल जांभळं पडलेलं, सुजून दुप्पट झालेलं, आणि वर काही म्हणता काही दिसेना. शब्दकोड्यासाठी माझ्या उशाशी भिंग असतं, ते आणलं तेव्हा दिसला: केसाहून बारीक धागा, घोट्याभोवती चार-पाच वेढे, कातडीत रुतून बसलेला. मुलाने त्याला रुमालात धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीने धागा सोडवायला लागले. एक तुटला की त्याखाली दुसरा. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तो एकदाही मला चावला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं.

साधा टिश्यू पेपर ओढला की फाटतो, ओला झाला की त्याचा लगदा होतो. कापसाचा धागा ओढला की आणखी घट्ट बसतो. तो पायाला गुंडाळला तर रक्त अडतं, गालाच्या पिशवीत राहिला तर तिथेच चिकटतो, पोटात गेला तर आतडं तुंबतं. बिनवासाचा, बिनरंगाचा टिश्यू पेपर फाडून दिला की घरट्याला तेवढा पुरतो. तो स्वतःच त्याच्या चिंध्या करतो आणि पाहिजे तशी गादी घालतो. हे लिहायला किती ओळी लागल्या असत्या?

सकाळी पहिल्या डॉक्टरांनी ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि आधी विचारलं, ‘कापूस घातला होता का?’ म्हणजे आमचा गोट्या पहिला नव्हता. त्या पायाच्या पाचांतली दोन बोटं काढावी लागली. औषध लिहिण्याआधी त्यांनी पुस्तक उघडून दोनदा खात्री केली, कारण पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. त्यांचं ते पुस्तक उघडणं मला फार आवडलं. तुमच्या लेखकांनीही एकदा उघडून पाहायचं होतं.

बाकीच्या लेखाबद्दल थोडक्यात. ‘एकटा कंटाळतो, म्हणून जोडी आणावी’ म्हणे. दुकानांतून सर्रास मिळणारा सोनेरी हॅमस्टर हा पक्का एकलकोंडा. मोठे झालेले दोन एका पिंजऱ्यात ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडतात, कधी एक मरेपर्यंत. आणि जोडी नर-मादीची निघाली तर १६ दिवसांत पाळणा हलतो. मग त्या सगळ्या पिल्लांना वेगवेगळे पिंजरे लेखक पुरवणार का? मुळात लेखासोबतचं छायाचित्र हॅमस्टरचं नाहीच, ते गिनिपिगचं आहे. गिनिपिगला मात्र खरोखर सोबत लागते. सल्ला छायाचित्र बघून लिहिला असेल, तर मग हिशेब जुळतो!

‘आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आंघोळ घालावी’ हेही तसंच. पाण्याने त्याच्या केसांतलं तेल निघून जातं आणि तो गारठतो. एका पसरट भांड्यात धूळ नसलेली बारीक, कोरडी वाळू ठेवली की तो लोळून लोळून स्वतःला साफ करतो. तो सोहळा बघण्यासारखा असतो, पण अर्थात रात्री.

‘छोटासा पिंजरा पुरतो’ या वाक्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चहा केला. १९३० साली इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आज घरोघरी असलेले सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्यांचीच वंशावळ. म्हणजे जमिनीखाली राहणारी जात. तिला सळ्यांच्या पेटीत दोन बोटं भुसा घालून ठेवलं, तर ती सळ्या चावत बसणार नाही तर काय करणार? खोदायला निदान २० ते ३० सेंटिमीटर थर हवा. चाकसुद्धा २८ सेंटिमीटरच्या आसपास हवं. लहान चाकात पळताना पाठ कमानीसारखी वाकते. आमचं पहिलं चाक तसलंच होतं, कबूल करते. ते मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं.

एरवी असली पुरवणी पिंजऱ्यात अंथरायच्या तरी कामी आली असती. पण छापील शाईचा कागद हॅमस्टरला न दिलेला बरा, त्यामुळे तीही सोय नाही.

तुमचं दैनिक आमच्याकडे चाळीस वर्षं येतंय आणि पुढेही येईल, हे रागात लिहितानाही सांगते. विनंती एवढीच की कापसाच्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ती पुरवणीच्या त्याच पानावर आणि लेखाच्या मथळ्याइतक्याच ठळक टायपात. आतल्या पानावर निविदांच्या खाली नको. काल सुट्टी होती. लेख वाचून कुणीतरी आज सकाळीच कापूस आणला असेल.

गोट्या त्या तीन बोटांवर पुढे वर्षभर चाकावर पळाला. आवाज थोडा बदलला होता. तीन टप्पे आणि मध्ये एक छोटी अडखळ. मला झोपेतही ओळखू यायचा.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये. नातू रागावेल.)

ता. क. – त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवे ९ ला चौकोन चार आणि आज छापलेलं उत्तर पाच अक्षरी. काल दुपारभर मी भिंग घेऊन पाचवा चौकोन शोधत होते.