काय कापलं, ते तरी सांगा : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

रविवारी दुपारी आमच्याकडे टीव्हीवर चित्रपट लागतो. पात्राचे ओठ हलतात, आवाज मात्र क्षणभर गायब होतो आणि आजी हमखास विचारते, "काय म्हणाला रे तो?" एरवी कानाआड गेली असती अशी शिवी, म्यूट केल्यामुळे घरभर चर्चेत येते. भाचा तोवर मोबाइलवर तोच चित्रपट ओटीटीवर लावून शब्द शोधून काढतो.

शिवीचं सोडा. त्या दिवशी ओटीटीवर एक अख्खा प्रसंग सापडला, जो टीव्हीवर नव्हताच. नायिका घर का सोडते, ते त्यातच होतं. आम्ही इतकी वर्षं पटकथाकाराला नावं ठेवत होतो!

कात्री का लागते, ते समजतं. टीव्हीसमोर कोण बसलंय, हे वाहिनीला कळायला मार्ग नाही. ओटीटीवर वयोगट लिहिलेला असतो, पालकांना कुलूप लावता येतं. शिवाय 2021च्या नियमांप्रमाणे तिथे वयोगट ओटीटीवाले स्वतःच ठरवतात, सेन्सॉर बोर्डाची पायरी चढत नाहीत. 2023च्या कायदादुरुस्तीने तर 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या, चित्रपटाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यायला लावलं. म्हणजे टीव्हीवरचा अवतार वेगळा, हे कायद्यालाच मान्य आहे. मग प्रेक्षकाला ते कुणी सांगायचं?

2018 साली आलेला 'न्यूड' घ्या. कला महाविद्यालयात मुलांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. बोर्डाने एकही दृश्य न कापता त्याला 'ए' दिलं होतं. असा चित्रपट टीव्हीच्या मापात बसवायचा, तर उरणार काय? जे उरेल ते दाखवा हवं तर, पण दिग्दर्शकाच्या नावावर पूर्ण चित्रपट म्हणून खपवू नका. (वेळेत बसवायला वाहिन्या गाणी छाटतात, तेही पाप बोर्डाच्याच माथी जातं, हा भाग वेगळा.)

मागणी छोटी आहे. पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली इशारा येतो. 2012पासून थिएटरात आणि टीव्हीवर, 2023पासून ओटीटीवरही. तशीच एक पाटी सुरुवातीला हवी: मूळ लांबी किती, दाखवतोय किती, कापलं कुणी, बोर्डाने की वाहिनीने. थिएटरातल्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी असतेच, कापलेल्या भागांची नोंदही बोर्डाकडे असते. नवं काही शोधायचं नाही. ओटीटीवाल्यांनीही आपली प्रत थिएटरातलीच की न कापलेली, हे लिहावं. पैसे मोजून पाहतो आम्ही.

आपला,
एक प्रेक्षक

ता. क. : आवाज म्यूट, पण खाली सबटायटलमध्ये तोच शब्द धडधडीत, असंही मी पाहिलंय. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून निभावलं.