गेटवे स्लॅबवर चढवायच्या आधी

छोटू,

तुझा कालचा व्हॉइस मेसेज ऐकला, गेटवेचा, म्हणजे वावरातल्या सेन्सरचे आकडे ऐकून नेटवर पाठवणारा, डबा पोचला अन बाबा म्हणतात आजच पाइपाला बांधून टाकू. बाबांना म्हणाव एक-दोन दिवस थांबा. फोनवर सगळं सांगितलं की अर्धं राहून जातं म्हणून लिहूनच पाठवते, स्लॅबवर चढशील तेव्हा मोबाइलवर उघडून वाचता येईल.

सगळ्यात आधी हे लक्षात ठेव, अँटेना घट्ट बसल्याशिवाय गेटवेला लाइन द्यायची नाही. घरात टेबलावर नुसतं चालू करून पाहायचं असलं तरी नाही. अँटेना नसताना त्यानं सिग्नल पाठवायला घेतला तर ती ताकद बाहेर न जाता उलट आत येते अन रेडिओची चिप जळू शकते, मग एवढ्या महागाचा डबा वाया.

तू विचारलं ना की ताई तिकडेच राहते तर तिकडूनच काहून नाही पाठवलं. सेन्सर अन गेटवे ज्या वायरलेस पद्धतीनं बोलतात ती लोरावॅन, इकडे नेदरलँडमध्ये ती ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, आपल्या देशात त्यासाठी ८६५ ते ८६८ चा पट्टा विनापरवाना ठेवलाय, अन वायरलेसच्या वस्तूला आपल्या सरकारची ईटीए मंजुरी लागते ती वेगळीच, म्हणून तिथलाच घ्यायला लावला. सेटिंगमध्ये रीजन विचारेल तिथे आयएन८६५, म्हणजे भारताचा पट्टाच, निवड. चुकून युरोप राहिलं तर नेट चालू दिसेल, गेटवे सर्व्हरवर हिरवा दिसेल, अन वावरातला एकही सेन्सर त्याला ऐकू येणार नाही, तू दिवसभर सेन्सरच खोलत बसशील.

बाबांना समजावताना दूध डेअरीचं सांग, त्यांना लगेच कळेल. गोठ्यागोठ्यातून थोडं थोडं दूध संकलन केंद्रावर येतं अन तिथून टँकर एकदाच पुढे जातो, तसे सेन्सर म्हणजे गोठे अन गेटवे म्हणजे केंद्र. सेन्सरला सिमकार्ड नाही, वायफाय नाही, तो पंधरा मिनिटांनी जागा होतो, काही बाइट पाठवतो अन परत झोपतो, म्हणून हाताएवढ्या सोलर पॅनलवर त्याचं भागतं. गेटवेला मात्र झोप नाही, कोण कधी बोलेल ते त्याला माहीत नसतं म्हणून चोवीस तास कान लावून बसावं लागतं, त्यामुळे त्याच्या बॅटरीचा हिशोब वेगळा. साधारण ५ वॅट धर, म्हणजे दिवसाला १२० वॅट-अवर. १२ व्होल्ट २० अँपिअर-अवरची बॅटरी भरलेली असली तर दोन दिवसांच्या आत-बाहेर जाईल. आपल्याकडे डीपी जळाला की लाइन कधी येईल ते कोणी सांगत नाही, अन श्रावणात चार दिवस ऊन नसतं, म्हणून एकट्या पॅनलवर सोडू नको, घरच्या लाइनचं चार्जिंग अन पॅनल दोन्ही जोड. नेटचा राउटर पण त्याच बॅटरीवर घे, नाहीतर गेटवे जागा अन राउटर बंद, काय उपयोग.

आता हे सगळं मी एवढं मागे लागून काहून करते ते पण सांगते. सरकारला अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर लागतात, अन तो आकडा मंडळाच्या एका पर्जन्यमापकाचा असतो. मंडळात गावं किती अन आपल्याकडे पाऊस कसा पडतो तुला माहीत आहे, ओढ्याच्या या काठाला धो धो अन त्या काठाला धूळ. आपल्या मापकाचा आकडा सरकारी कागदावर चालणार नाही हे मला कळतं, त्यासाठी नाहीच लावत आहोत. पण मृग बहारासाठी बागेला दिलेला पाण्याचा ताण तुटला की नाही, धुऱ्यापलीकडे पाणी पडलं की बागेत पडलं, हे गावातून अंदाजानं ठरवायचं अन ड्रिप कधी सोडायचं ते शेजाऱ्याकडे पाहून, हे आता बंद व्हायला पाहिजे. तापमान, आर्द्रता, वारा अन सूर्याचं ऊन हे चार आकडे असले की एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, १९९८ च्या पद्धतीनं, पेनमन-मॉन्टीथ म्हणतात तिला, त्या दिवशी हवेनं किती पाणी ओढलं ते निघतं, त्यावरून संत्र्याचं ड्रिप किती वेळ ठेवायचं ते ठरवता येतं. म्हणून तो छोटा काचेच्या घुमटाचा ऊन मोजायचा सेन्सर घ्यायला लावला, बाबा म्हणत होते ना ऊन काय मोजायचं ते दिसतंच. अन वाऱ्याचा फिरता सेन्सर पऱ्हाटीकडच्या धुऱ्यावर लाव. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते मी विसरू शकत नाही. वारा वाढला असेल तर मोबाइलवर दिसलं पाहिजे अन त्या दिवशी पंप खाली ठेवला पाहिजे, बाबांनी पण, मजुरांनी पण.

जागा. पाण्याच्या टाकीच्या बाजूनं पाइप उभा कर, अँटेना टाकीच्या वर गेली पाहिजे, लोखंडाला चिकटून नको. लोरा, म्हणजे लोरावॅनचा रेडिओ सिग्नल, मोकळ्यात कितीतरी किलोमीटर जातं पण मधे निंबाची झाडं अन संत्र्याची दाट बाग आली की कमी होतं, म्हणून बागेतल्या सेन्सरची अँटेना झाडांच्या शेंड्याच्या वर काढ. वानरांचं लक्षात आहे ना, पाइपाला खाली बोराटीचे काटे बांध. अन आभाळातली वीज, हे मी दहादा सांगेन, अँटेना अन गेटवेच्या मधे लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारा तुकडा, अन त्याची अर्थिंग जमिनीत नीट गाडलेली, जाड तांब्याची वायर, वळसे न घेता सरळ खाली. ढग आले की स्लॅबवर चढायचं नाही, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं वीज पडायचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप तुझ्या अन बाबांच्या दोघांच्या मोबाइलवर टाक.

सेन्सरचा डबा पांढराच घे अन पॅनलच्या सावलीत लटकव. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हातल्या बंद डब्यात त्याहून किती जास्त होत असेल, अन साधी लिथियम-आयन बॅटरी ४५ च्या वर चार्ज करणं तिला सोसत नाही, म्हणून एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचीच टाक. वायर डब्यात खालच्या बाजूनं घुसव. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार वीस-एकवीस अंश, आपलं अक्षांश तेवढंच आहे. तापमानाचा सेन्सर तबकड्यांच्या पांढऱ्या आवरणात अन छातीच्या उंचीवर, गोठ्याच्या टिनाजवळ अजिबात नको.

पर्जन्यमापकाची परीक्षा तू स्वतः घे. आतमधे दोन खोक्यांचा झुला आहे, एक भरलं की कलंडतं अन दुसरं खाली येतं, प्रत्येक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून ३१४ मिलिलिटर पाणी ओतलं की तो १० मिलिमीटर पाऊस झाला अन झुला ५० वेळा कलंडला पाहिजे. एकदम ओतू नको, धार बारीक ठेव, अर्धा तास लागला तरी चालेल. माप नवीन आण, फवारणीचं माप नको. ४७-४८ आले तर आधी लेव्हल पाहा, मापक तिरपा असला की असंच होतं. अन दर महिन्याला कोळ्याचं जाळं अन चिमण्यांची घाण काढत जा.

मी सेन्सरला दर पंधरा मिनिटांचा पाऊस पाठवायला नाही लावलं, एकूण कलंडणीचा चढता आकडा पाठवायला लावलंय, वीजमीटरच्या रीडिंगसारखा. आपल्याकडे जोराचा पाऊस अन नेट जाणं बरोबरच येतं, तेव्हाचे मेसेज हरवतीलच, पण नंतरचा एक मेसेज जरी आला तरी मधला सगळा पाऊस वजाबाकीतून मिळतो. या एका गोष्टीचं मला लय समाधान आहे.

जोडणी सोपी आहे. गेटवेच्या मागच्या स्टिकरवर सोळा अक्षरांचा ईयूआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक आहे, त्याचा फोटो पाठव, मी चर्पस्टॅकवर, म्हणजे सर्व्हरवरच्या लोरावॅनच्या सॉफ्टवेअरवर, नोंदवते. सर्व्हरचा पत्ता तुला पाठवलाय, पोर्ट १७००. घरच्या नेटवर वेगळं काही उघडावं लागत नाही, गेटवे स्वतःच बाहेर बोलायला जातो. सेन्सरची अ‍ॅप-की, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, मात्र फॅमिली ग्रुपवर टाकू नको, फक्त मला पाठव. मेसेज यायला लागले की सिग्नलचा एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती ते, उणे दिसेल, घाबरू नको, लोरा गोंगाटाच्या खालचं पण ऐकतं, उणे पाचला मस्त चालतं, उणे पंधराच्या खाली जायला लागलं की अँटेनाची उंची वाढवू.

अन एक बाबांशी बोलून ठेव. गेटवे आपल्या घरावर असला तरी तो आपल्या दोनच वावरांचा नको. त्याच्यात आठ चॅनेल आहेत, आजूबाजूच्या कास्तकारांचे शेकडो सेन्सर तो घेऊ शकतो अन आपल्याला जास्तीचा खर्च नाही. इकडे २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला लोकांनी असेच आपापल्या छतांवर गेटवे लावून शहरभर नेटवर्क उभं केलं, कोणत्या कंपनीची वाट पाहिली नाही. पलीकडच्या काकाजींना पाऊस मोजायचा असेल तर फक्त सेन्सर आणा म्हणाव, जोडून मी देते. बाबा नाही म्हणणार नाहीत, पण विचारून घे.

मृग लागायच्या आधी पर्जन्यमापक अन तापमानाचा सेन्सर चालू झाला तरी पुष्कळ, वाऱ्याचा अन उन्हाचा नंतर करू. अर्थिंगचा फोटो आधी पाठव, मग पाइपावर चढव. आईला सांग लोणच्याचा डबा पुढच्या महिन्यात येणाऱ्या माणसाजवळ देऊ नको, त्याचं सामान आधीच भरलंय.

तुझी,
ताई