नेत्र शिबिरांत काचबिंदूही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात तालमी आणि मंडळं नेत्र शिबिरं मनापासून घेतात. तक्ता वाचून घेतात, चष्म्याचा नंबर काढून देतात, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनचीही सोय करतात. काचबिंदू मात्र तिथून निसटतो, कारण सुरुवातीला या रुग्णाला तक्त्याची शेवटची ओळसुद्धा स्पष्ट दिसते. बहुतेकांची नजर कडांकडून आत आक्रसत जाते. दुखत नाही, खुपत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता. म्हणजे शंभरात तीन-चार जण, आणि वय वाढेल तसं हे प्रमाणही वाढतं. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, दक्षिण भारतातल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

आमच्या पेठेतले एक काका कमी दिसायला लागल्यावर ‘मोतीबिंदू असंल, पिकू दे, मग काढू’ म्हणत थांबले. निघाला काचबिंदू. मोतीबिंदू काढल्यावर बहुधा नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची शीर जेवढी वाळली तेवढी नजर कायमची जाते. थेंब, लेसर किंवा ऑपरेशनने डोळ्यातला दाब उतरवून उरलेली तेवढी राखायची. काकांना आता रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी दिसत नाही.

म्हणून शिबिर घेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यातला दाब मोजा. हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने हे मिनिटभरात होतं. पण तेवढ्यावर थांबू नका. दाब २१ मिलिमीटर पारा या नेहमीच्या मर्यादेच्या आत असूनही अनेकांची शीर खराब होते, त्यामुळे डॉक्टरांनी ती शीर पाहायलाच हवी. शिबिरात ते जमणार नसेल, तर इथल्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करा.

नावनोंदणीच्या कागदावर दोन प्रश्नही वाढवा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू आहे का? डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब बरेच दिवस घातलेत का? त्यांत स्टिरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला नुसता चष्म्याचा नंबर देऊन घरी पाठवू नका.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर