सही झाली आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर विषय बदलला, कारण तुमचा आवाज ऐकत सांगवेना. घर घेतलं. इथे जर्मनीतच, कोब्लेंझमध्ये. सही होऊन आठवडा झाला.

म्हणजे परत येणारच नाही असं नाही हं. भाडं जायचं तेवढाच आता हप्ता जातो, नोकरी चालत पोचण्याएवढी जवळ... जाऊ दे, किती कारणं देऊ?

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: पाणी कुठवर येतं? घर कार्टहाउझेला आहे, गावाच्या वर टेकडीवर. ऱ्हाइन खाली, मोझेल खाली. काठावरच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आणि साल कोरलेलं असतं, ते मी वाचून आले. तुम्हीच लावलेली सवय.

जिथे मोझेल ऱ्हाइनला मिळते त्या टोकाला घोड्यावरच्या सम्राटाचा अवाढव्य पुतळा आहे. गावाचं नावच लॅटिनमधल्या 'संगमा'वरून पडलंय. मला मात्र तिथे हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगमच दिसतो. श्रावणी सोमवारी सायकलच्या दांडीवर बसून, पाय बधिर झाले तरी 'उतरत नाही' म्हणायचे, आठवतं? इथे मोझेल फुगली की गढूळ पाण्याचा पट्टा बराच वेळ वेगळा दिसतो, वारणेसारखा.

एक कबूल करायचं आहे. जुलै २०२१मध्ये आर नदीला पूर आला, त्या खोऱ्यात १३०हून जास्त माणसं गेली. ती नदी इथून ३५-४० किलोमीटर खाली ऱ्हाइनला मिळते. मी तुम्हाला 'नुसता पाऊस आहे' म्हणाले होते. आणि दहा दिवसांनी आपल्या कृष्णेला पूर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'पायरीपर्यंतच आलंय.' मामाने फोटो पाठवला होता, बाबा.

आई, तुमची खोली मागच्या बाजूला आहे. खाली दोन्ही काठांनी रात्रभर मालगाड्या धावतात, पण तिथे आवाज येत नाही. लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. तूरडाळ मिळते. ज्वारीचं पीठ तेवढं तू आण, चार किलो, जास्त नको. गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नाही.

आता ऐका. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट झालं की मामाकडे जायचं. ४५ची वाट बघायची नाही, वरच्या मजल्यावर राखण करत बसायचं नाही. २०१९ला कपाटासाठी थांबलात, त्याचं काय झालं ते आईला विचारा. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. रागावू नका, लांबून एवढंच करता येतं.

बाबांचा पासपोर्ट संपलाय. या आठवड्यात अर्ज करा. आणि फॉर्म सायबर कॅफेत एकट्याने भरू नका, मी रविवारी फोनवर बसते.

तुमची,
सोनी