अण्णा, त्या ग्रिपबद्दल आभार

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोरासमोर आभार मानलेले चालत नाहीत. परवा शेवटच्या सामन्यानंतर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही स्कूटर काढलीत. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. यंदा आपल्या हॉकी क्लबकडून सगळ्यात जास्त गोल पुन्हा माझ्या नावावर लागले आहेत, तेही अडतिशी ओलांडून, गुडघ्याला नी-कॅप चढवून. त्यामागे कोण आहे हे खडकीपासून नेहरूनगरच्या टर्फपर्यंत सगळ्यांना कळायलाच हवं.

मागचा मोसम सुरू होण्याआधी मला क्लबमध्ये बोलावून सांगितलं गेलं, "आता मॅनेजर म्हणून ये, पोरांच्या चहापाण्याचं बघ." बोलणारे परके नव्हते. मी गोलवर गोल मारत होतो तेव्हा ढोलताशा लावून मिरवणूक काढणारे हेच. माझं नेमकं काय कमी झालंय, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. सुरुवातीच्या दहा पावलांचा झपाटा गेला होता, एवढंच. चेंडू कुठे पडणार हे मला आधी दिसायचं, ते अजूनही दिसत होतं. पण त्यांनी दहा पावलं मोजली आणि हिशेब मिटवला. एका ट्रेनरने टेकडी चढायला लावली. गुडघा असा सुजला की जिना उतरता येईना. मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. हे सगळं अजून ताजं आहे अण्णा, विसरलेलो नाही.

आणि तुम्ही काय केलंत? काही न बोलता माझ्या हातातून स्टिक घेतलीत आणि मुठीवर गुंडाळलेली ग्रिप निरखून पाहिलीत. "वरच्या टोकाला झिजून गुळगुळीत झालीय, खाली नवीकोरी," तुम्ही म्हणालात. "म्हणजे तू अजून दोन्ही हात वर जोडून नुसतं हाणतोयस. आता उजवा हात खाली आणायचा." दुसऱ्या दिवशी स्टिक परत आली ती ग्रिप बदलून. नेहमीपेक्षा बरीच खालपर्यंत गुंडाळलेली. डिफ्लेक्शन घेताना, म्हणजे येणारा चेंडू नुसती स्टिक लावून गोलकडे वळवताना, उजवा हात जिथे येतो, नेमक्या तिथे टेपचा आणखी एक थर. कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवलेली. ज्या दिवसांत सगळे माझ्या हातातून स्टिक काढून घ्यायला बसले होते, त्या दिवसांत एका माणसाने ती माझ्या पुढच्या वयासाठी तयार करून दिली. त्या रात्री मी ती स्टिक उशाशी घेऊन झोपलो. बायको काही बोलली नाही, तिला कळलं होतं.

पुढचं शिकवणंही तुमच्यासारख्या गोलीलाच, गोलरक्षकालाच, जमलं असतं. आम्हा फॉरवर्डना गोल समोरून दिसतो. तुम्ही जन्मभर तो आतून पाहिलात. "पळत येणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. तो दिसत असतो. भीती वाटते माझ्या पाठीमागे सेकंड पोस्टला, गोलच्या लांबच्या खांबाशी, गुपचूप उभ्या असलेल्याची." आणि वर हेही सांगितलंत की तुमच्या काळात ऑफसाईड होता, म्हणजे बचाववाल्यांच्या पलीकडे जाऊन चेंडूची वाट बघायला बंदी; तिथे तसं उभं राहणंच शक्य नव्हतं. 1998 पासून तो नियम गेला, म्हणजे म्हाताऱ्या फॉरवर्डला नियमानेच जागा करून दिलीय. इतकी वर्षं ऑफसाईडशिवाय खेळूनही मी या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. चेंडू येण्याआधी स्टिक टर्फला टेकलेली हवी, बचाववाला चेंडूकडे बघतो त्या क्षणी दोनच पावलं सरकायचं, आणि दम संपायच्या आधी स्वतः हात वर करून बेंचवर यायचं. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं जिवंत खेळलास तरी पुरे, हे तुमचं वाक्य मी आता पोरांनाही सांगतो.

मी फारच खट्टू व्हायचो तेव्हा तुम्ही भारताच्या धनराज पिल्लेचं नाव काढायचात. आपल्याच खडकीचा पोरगा. बँकॉकहून 1998 साली 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण घेऊन आलेल्या या कर्णधाराला लगोलग संघातून वगळलं होतं, याची आठवण तुम्ही करून द्यायचात. तरी 2002 मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, वयाच्या 34 व्या वर्षी, तोच स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी क्वालालंपूरला आशिया चषक उचलला तेव्हा गगन अजित, दीपक ठाकूर, प्रभज्योत ही पोरं पुढे होती आणि हा थोडा मागे राहून त्यांना चेंडू पुरवत होता. "गोल मारणाऱ्याला गोल दुसऱ्याच्या स्टिकवर ठेवता आला, की तो आणखी टिकतो," तुम्ही म्हणायचात.

आणि वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्या तुमच्या नातवाने पाठवलेली ती आईस हॉकीपटू ओवेच्किनची क्लिप! बर्फावरच्या हॉकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. 6 एप्रिल 2025, वय 39, आणि अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल लीगमधला ग्रेट्झकीचा 894 गोलांचा विक्रम मोडणारा 895 वा गोल. तुम्ही ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन दाखवलीत. तरुणपणी हा गडी धडका देत आत घुसायचा. एका मोसमात 65 गोल त्याने केले होते. आता समोरच्या संघाचा एक माणूस शिक्षेमुळे बाहेर असला की हा बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो आणि पास येताच, न अडवता, तसाच फटका मारतो. विक्रमाचा गोलही तिथूनच आला. "तो कुठे उभा राहणार हे सगळ्या जगाला ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात, "तरी गोलीला थांबवता येत नाही. जागा एकच, पण ती पक्की. तुझी कुठली ते शोध." माझी सेकंड पोस्टपासून हातभर पुढे निघाली.

ती सापडावी म्हणून या वयात तुम्ही पुन्हा पॅड चढवलेत. रविवारी सकाळी, ओल्या टर्फवर, कंबर धरून. मी नको म्हणालो तर "गोलीशिवाय गोल मारून काय शिकणार?" म्हणून मलाच दटावलंत. पैसे नाहीत, पद नाही, फोटोत नाव नाही. आपल्या हॉकीत जे काही चांगलं उरलंय ते अशाच माणसांच्या जिवावर उरलंय, असं मला मनापासून वाटतं. बक्षीस समारंभात त्यांना पहिल्या रांगेत कोणी बसवत नाही. पण कुणाच्या स्टिकची ग्रिप कुठे झिजलीय हे त्यांनाच दिसतं. खेळाडू पडतीला लागला की त्याच्याकडे पाठ न फिरवणं हा मोठेपणा आहे, आणि तो तुम्ही मला फुकट दिलात.

आता एक विनंती. आपल्या दोन्ही ज्युनियर गोलींना पुढच्या मोसमात तुम्हीच शिकवा. क्लबच्या सेक्रेटरींशी मी बोललोय, या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. तुमच्यासाठी खुर्ची आणि छत्रीची सोय होईल. पॅड मात्र तुम्ही घालायचे नाहीत, ते पोरं घालतील. समोरून चेंडू मारायला मी आहे.

तुमचा,
सेकंड पोस्टवाला