एकवीस हजारांच्या रेघेपलीकडे: केंद्रीय अर्थमंत्र्यांना बडोद्याहून खुले पत्र

बडोदा, डिसेंबर २०२५

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार. विनंती विशेष.

प्राप्तिकराची विवरणपत्रं भरणं आणि मेडिक्लेमच्या फायली लावणं हे आमचं काम. रावपुरा-दांडिया बाजारापासून मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीपर्यंतचे पगारदार आणि निवृत्त लोक या दोन्ही कामांसाठी येतात, त्यामुळे एकाच घराचा फॉर्म १६ आणि दवाखान्याचं बिल टेबलावर शेजारी शेजारी पडलेलं असतं. आपल्या मध्यमवर्गावर शेजारच्या देशांपेक्षा जास्त कर आहे, असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. पण प्राप्तिकर कमी आहे एवढं सांगून सरकारने विषय संपवला, तर तेही अर्धंच उत्तर. आजारपणाचा खर्च कोण उचलतो हे त्यात येत नाही, आणि महिना २१,००० च्या वर पगार गेला की ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, दार बंद होतं. हे पत्र त्याबद्दल आहे.

आधी कराचा हिशेब. वर्षाला दहा लाख भारतीय रुपये पगार धरा. आपल्या नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ९.२५ लाख उरतात. कलम ८७अ ची सवलत १२ लाखांपर्यंत असल्याने कर शून्य. नेपाळचा रुपया आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला, म्हणून तिथे हा पगार १६ लाख होतो. त्यांच्या विक्रम संवत २०८१-८२ (इ.स. २०२४-२५) या वर्षाच्या दरांनी, जोडप्याने एकत्र विवरण भरलं तरी पहिल्या ६ लाखांवर १ टक्का, पुढच्या २ लाखांवर १०, त्यापुढच्या ३ लाखांवर २० आणि उरलेल्या ५ लाखांवर ३० टक्के लागतात. एकूण २,३६,००० नेपाळी, म्हणजे १,४७,५०० भारतीय रुपये. श्रीलंकेचा रुपया साधारण २९ पैशांचा धरला तर दहा लाखांचे तिथे साडेचौतीस लाख होतात. १ एप्रिल २०२५ पासून त्यातले १८ लाख करमुक्त. पुढच्या १० लाखांवर ६ टक्के, मग ५ लाखांवर १८ आणि शेवटच्या दीड लाखावर २४ टक्के. कर १,८६,००० श्रीलंकन रुपये, आपले सुमारे ५४,०००. बांगलादेशात १४ लाख टाका पगार असेल तर २०२४-२५ च्या नियमाने पगाराचा एक तृतीयांश किंवा साडेचार लाख, यांपैकी जे कमी ते वगळतात. उरलेल्या साडेनऊ लाखांवर ६०,००० टाका कर बसतो, आपले ४३,००० च्या आसपास.

विनिमय दराने केलेली तुलना लंगडी असते, हे आम्हांला ठाऊक आहे. काठमांडूत सोळा लाख मिळवणारा माणूस तिथल्या बऱ्याच वरच्या थरातला; बडोद्यात दहा लाखवाल्याला कुणी श्रीमंत म्हणत नाही. म्हणून सहा लाखांवर उतरून पाहिलं. तिथे नेपाळचा कर ३६,२५० भारतीय रुपयांवर येतो, श्रीलंकेचा पाच हजारांच्याही खाली, आपला अर्थातच शून्य. मूल्यवर्धित कर श्रीलंकेत जानेवारी २०२४ पासून १८ टक्के, बांगलादेशात १५, नेपाळात १३. तिथेही आपण फार वेगळे नाही.

आता दुसरं पारडं. श्रीलंकेत सरकारी रुग्णालयाच्या दारात उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. ३६ टक्के दराने कर भरणारा बँक अधिकारी आणि चहामळ्यातली मजूर बाई एकाच वॉर्डात मोफत दाखल होऊ शकतात. बाह्यरुग्ण तपासणीसाठी आणि चाचण्यांसाठी तिथला मध्यमवर्ग खिशातून पैसे घालून खासगीत जातो, शस्त्रक्रियेला रांग असते, २०२२ च्या आर्थिक संकटात औषधं संपली होती. पण मोठं आजारपण आलं म्हणून घर विकायची पाळी यावी, अशी ती रचना नाही. नेपाळचा सरकारी आरोग्य विमा पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३,५०० नेपाळी रुपयांत मिळतो, आपल्या २,१८७ रुपयांत, आणि नाव नोंदवायला पगाराची वरची मर्यादा नाही. संरक्षण मात्र १ लाख नेपाळीच, म्हणजे ६२,५०० रुपये; बायपासला ते कुठे पुरणार? शिवाय विमा मंडळाकडे रुग्णालयांची बिलं थकली की रुग्णालयं हात आखडता घेतात. बांगलादेश याच्या उलट टोकाला. १९८२ च्या औषध धोरणानंतर देशी कारखान्यांनी औषधं स्वस्तात बनवली, तरी त्यांच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२० मध्ये आरोग्यखर्चातला ६८.५ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. औषध स्वस्त झालं तरी रुग्णालयाचा खर्च उचलणारं कुणी नसेल, तर असंच होणार.

आपला हाच आकडा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. घट मोठी आहे, तिचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र या लेख्यांत मेडिक्लेमचा हप्ता खिशातल्या खर्चात धरत नाहीत. तो खासगी विम्याच्या वेगळ्या रकान्यात जातो. हप्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने खिसा एकच असतो. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) २.५ टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

अडचण नेमकी कुठे आहे ते बडोद्याच्या पगारांवरूनच सांगतो. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५; २१,००० वर दोन्ही मिळून महिन्याला ८४० रुपये, वर्षाला १०,०८०. त्यात नवरा-बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील येतात, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. गुजरातेत आयुष्मान-मा या सरकारी योजनेच्या कार्डावर दहा लाखांपर्यंत मोफत उपचार होतात, पण सर्वसाधारण कुटुंबाला त्यासाठी वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आत लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता आयुष्मान मिळतं, ही चांगली गोष्ट झाली. राहिला तो मधला पट्टा: चार लाखांच्या वर मिळवणारं, सत्तरीच्या आतलं घर. त्याला ईएसआय नाही, कार्ड नाही. सरकारी सयाजी हॉस्पिटलचा केसपेपर आहे, किंवा स्वतःच्या पैशांचा मेडिक्लेम.

ईएसआयची २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. दरम्यान पगार वाढले ते महागाईने. हजार रुपयांची वाढ मिळून माणूस २१,५०० वर गेला की काय होतं, ते पाहा. वाढ मे महिन्यात झाली तर वाटा ३० सप्टेंबरपर्यंत कापला जातो आणि त्याच्या बदल्यातला लाभ पुढल्या वर्षाच्या ३० जूनला संपतो. घरातल्या सगळ्यांची कमाई मिळून चार लाखांच्या वर जात असेल तर कार्डही नाही, आणि त्या दिवसापासून तो बाजारात नवा गिऱ्हाईक. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला तीन वर्षांपर्यंत; २०२४ च्या नियमांनी चारची तीन केली म्हणून तीन. एका विमा कंपनीतून दुसरीत जाताना भरलेली वर्षं धरली जातात, पोर्टेबिलिटी म्हणतात ती हीच. ईएसआयमध्ये बारा वर्षं वाटा भरलेल्याची मात्र एकही वर्ष धरत नाहीत, कारण कागदोपत्री ती ‘पॉलिसी’ नव्हे.

पॉलिसी घेतली तरी ती कुठे दगा देते, हेही सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या निम्म्या तंट्यांचं मूळ एकच: खोलीभाडं. विमा पाच लाखांचा, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. घरच्यांनी घाईत ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस. त्यांना वाटतं, रोजचे तीन हजार प्रमाणे पंधरा हजार आपण भरू. पण रुग्णालय सर्जनची आणि शस्त्रक्रियागृहाची फीसुद्धा खोलीच्या वर्गानुसार लावतं, म्हणून विमा कंपनी त्या रकमेलाही पाच अष्टमांश लावते. खोलीचे ४०,००० असतील तर २५,००० मिळतात, फीचे दोन लाख असतील तर सव्वा लाख. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, ते ६०,००० पूर्ण मिळतात. तीन लाखांच्या बिलात घरचे ९०,००० गेले. वर ५,००० हून जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी, त्याचे दोन हजार. दाखल करतानाच्या फॉर्मवर ‘तुमच्या विम्यानुसार पात्र खोली’ अशी एक ओळ सक्तीची केली तर निम्मे तंटे दारातच मिटतील. सरकारला त्यासाठी छदामही खर्च नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी आपण काढलात. ६०,००० च्या हप्त्यामागे १०,८०० वाचले. आई-वडिलांचा विमा भरणाऱ्यांना ते लगेच जाणवलं. पण कंपन्यांना आता आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ती तूट मूळ हप्त्यात हळूच मिसळली जाऊ नये, यावर विमा नियामकाने नजर ठेवली पाहिजे. ज्येष्ठांच्या हप्त्यावर जानेवारी २०२५ पासून वर्षाला दहा टक्क्यांचा लगाम आहे. पंचेचाळिशीच्या माणसाला तो नाही.

नव्या करप्रणालीत कलम ८०ड, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट, नाही. पंधरा लाख पगारवाल्याला आज ९७,५०० कर पडतो, आणि त्यातले ३,७५० ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ या नावाने कापले जातात. त्याने स्वतःच्या कुटुंबाचा २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांचा ५०,००० हप्ता भरला आणि त्याची वजावट मिळाली, तर ११,७०० वाचतील. कराला आरोग्याचं नाव द्यायचं आणि आरोग्यावरच्या खर्चाकडे पाहायचं नाही, हे कोणत्या खात्यात बसतं?

आमची पहिली मागणी मात्र ८०ड ची नाही. करसवलत कर भरणाऱ्यालाच मिळते. सहा लाख मिळवणाऱ्याचा कर आधीच शून्य, त्याला वजावटीचा काय उपयोग? ईएसआयचं दार २१,००० च्या वर उघडा, ही खरी मागणी. ५०,००० पगारापर्यंत तोच चार टक्के दर लावला तर महिन्याला जास्तीत जास्त २,००० येतात, वर्षाला २४,०००. ज्याला हवं त्याने एकेकट्याने यावं, असं ठेवलंत तर आजारीच आधी येतील आणि योजना बुडेल. म्हणून निर्णय आस्थापनेने घ्यावा, दहा किंवा जास्त नोकर असलेल्या संपूर्ण आस्थापनेने, आणि एकदा आत आल्यावर किमान तीन वर्षं बाहेर पडता येऊ नये. गर्दी वाढेल, डॉक्टर कमी पडतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वाढीव वाट्याचा ठरावीक हिस्सा करार केलेल्या खासगी रुग्णालयांची बिलं वेळेत चुकवण्यासाठी वेगळा ठेवावा. नेपाळची गाडी तिथेच अडते.

ही रेघ चुकीची आहे, हे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने एका परीने आधीच मान्य केलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पगारमर्यादेमुळे बाहेर पडलेल्या काही निवृत्तांना पुन्हा उपचार देऊ केले. शेवटचा पगार ३०,००० पर्यंत आणि पूर्वी किमान पाच वर्षं वाटा भरलेला, अशा अटींवर. निवृत्तांना जे मिळालं ते नोकरीत असलेल्यांना का नको?

मर्यादा वाढवणं श्रम मंत्रालयाच्या हातात आहे, म्हणून प्रत तिकडेही पाठवत आहोत. पण ईएसआयची वर्षं मेडिक्लेमच्या प्रतीक्षाकाळात धरण्यासाठी विमा नियामकाचं एक परिपत्रक पुरेसं आहे, आणि त्या नियामकाचा कारभार आपल्या मंत्रालयाच्या कक्षेत येतो. मार्चअखेर निघालं तर येत्या ३० जूनला बाहेर पडणाऱ्यांना ते लागू होईल.

आपले,
बडोद्यातले काही करसल्लागार व विमा दाव्यांचं काम पाहणारे

प्रत: माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री