टाच आणि चवडा एका पातळीवर

नाशिक,
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझा उजवा गुडघा पुन्हा कुरकुर करू लागला आहे आणि धावण्याच्या गटातील दोघांचे पाहून तूही झीरो ड्रॉपचे बूट घेण्याच्या विचारात आहेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. मी दसऱ्याला नेमके तेच बूट घेतले आणि गेले नऊ-दहा आठवडे ते वापरतो आहे. फोनवर विचारले असतेस तर ‘चांगले आहेत’ एवढेच सांगून मोकळा झालो असतो, आणि तेवढ्या उत्तराने तुझे नुकसान झाले असते.

झीरो ड्रॉप म्हणजे पातळ तळाचा बूट, असे अनेकांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. बुटाच्या आत टाच आणि चवडा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असतात, त्या दोन उंचींमधला फरक म्हणजे ड्रॉप. माझ्या जुन्या बुटांत टाचेखाली ३२ मिलिमीटर आणि चवड्याखाली २२ मिलिमीटर, म्हणजे १० मिलिमीटरचा उतार होता. धावण्याच्या पारंपरिक बुटांत तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो. नव्या जोडात दोन्हीकडे २४ मिलिमीटर आहेत. म्हणजे ड्रॉप शून्य: गादी आहे, फक्त उतार नाही.

दुकानात ते घालून उभा राहिलो तेव्हा टाचा खड्ड्यात गेल्यासारखे झाले आणि आपण मागे कलतो आहोत असे वाटले. फरशी सपाट, तळ सपाट, तरी असे का व्हावे? इतकी वर्षे टाच उंचावर ठेवून वावरल्यामुळे शरीराने त्या उतारालाच सपाट मानले होते. दुसरी गोष्ट जाणवली ती बोटांची. अशा अनेक बुटांचा पुढचा भाग निमुळता नसतो, तो पावलाच्या आकाराप्रमाणे रुंद ठेवलेला असतो. अमेरिकेतील अल्ट्रा ही कंपनी या दोन्ही गोष्टींसाठी ओळखली जाते. माझ्या ज्या करंगळीवर दरवर्षी कुरूप होते, ती बुटाच्या कडेला न घासता प्रथमच मोकळी पसरली. ते सुख सांगून कळायचे नाही, पायात घालूनच पाहावे लागेल. विक्रेत्याने मात्र ‘उद्यापासूनच दहा किलोमीटर धावा, काही होत नाही’ असे ठासून सांगितले. तो सल्ला साफ चुकीचा होता, आणि त्याची किंमत मी पुढे मोजली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फक्त दोन किलोमीटर धावलो. जुन्या बुटांत माझे पाऊल शरीराच्या पुढे पडते आणि टाच आधी आदळते. त्या जोडाची उजवी टाच बाहेरच्या कडेने तिरकी झिजली आहे, ती त्यामुळेच. नव्या बुटांत मुद्दाम काहीही न करता पावले आखूड झाली, शरीराखाली पडू लागली, आणि मिनिटाला १६२ ऐवजी १७० पावले पडल्याचे घड्याळात दिसले. हा फरक मला घड्याळाआधी कानांनी कळला होता, कारण नेहमीचा धप धप आवाज हलका झाला होता. गुडघ्याच्या वाटीखाली चौथ्या-पाचव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे येणारी कळ त्या दिवशी आलीच नाही. संध्याकाळपर्यंत मात्र दोन्ही पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि रात्री डाव्या पोटरीत गोळा येऊन जाग आली.

हेच मला तुला मनापासून सांगायचे आहे. गुडघ्यावरचा भार नाहीसा होत नाही. पालखीने खांदा बदलावा तसा तो पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलिस टेंडनवर जातो. टाच उंच असताना ही शीर थोडी सैल राहून काम करते. टाच खाली आली की प्रत्येक पावलाला तिला अधिक ताणावे लागते, आणि एका किलोमीटरमध्ये आपली हजारभर पावले पडतात. स्नायू काही आठवड्यांत सरावतो, शिरेला मात्र महिने लागतात, कारण तिला रक्तपुरवठा कमी असतो.

हे ठाऊक असूनही पाचव्या आठवड्यात मी चुकलो. थंडी छान पडली होती, पाय हलके वाटत होते, म्हणून गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत जाऊन-येऊन बारा किलोमीटर एकाच दमात केले आणि दुसऱ्याच दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि डाव्या टाचेमागे वाळलेल्या दोरासारखा ताण जाणवला. दहा-बारा पावले लंगडत चालल्यावर तो सैलावला. फिजिओथेरपिस्टने दहा दिवस धावणे बंद केले आणि एक व्यायाम दिला: पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, दोन्ही पायांनी वर उचलायचे आणि दुखऱ्या पायावर भार घेत टाच सावकाश पायरीखाली सोडायची. अशा पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोन वेळा. अजूनही हा व्यायाम मी चुकवत नाही.

तुझे मित्र म्हणतील की माणूस मुळात अनवाणीच धावत आला आहे. ते खरे आहे. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याने १९६०ची रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, आणि आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली, पुढे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. पण त्यांच्या पावलांनी बालपणापासून जमीन ओळखली होती. आपण पहिलीपासून शाळेच्या बुटांत आणि नंतर वीस वर्षे कार्यालयातल्या टाचेच्या बुटांत वाढलो. त्यांच्या पायांचे उदाहरण आपल्या पायांना लागू करताना ही वर्षे हिशेबात धरलीच पाहिजेत.

तेव्हा बूट जरूर घे, पण जुना जोड कुणाला देऊन टाकू नकोस. पहिला आठवडा नवे बूट घालून फक्त चाल, दूध-भाजी आण. नंतर आठवड्यातून दोनदा, तेही एक-दोन किलोमीटरच धाव. बाकी धावणे जुन्यांत राहू दे, आणि दर आठवड्याला थोडेच वाढव. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच आखडलेली वाटली की त्या दिवशी नवे बूट घालायचेच नाहीत, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तुझी टाच पूर्वी कधी दुखली असेल, तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखव. गुडघा वाचवण्याच्या नादात टाच गमावू नकोस. मी सध्या आठवड्याच्या तीस किलोमीटरपैकी बारा नव्या बुटांत धावतो. गुडघा शांत आहे, आणि पोटऱ्या आता तक्रार करत नाहीत.

नाताळच्या सुटीत येणार आहेस, तेव्हा तुझे जुने बूट न धुता तसेच घेऊन ये. त्यांची टाच कोणत्या कडेला झिजली आहे ते दोघे मिळून पाहू, आणि पहाटे माझ्याबरोबर ट्रॅकवर ये. आपल्या दोघांच्या पायांचे माप एकच आहे, माझ्या बुटांत दोन फेऱ्या मारून पाहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र